वाचकाचे दुःख आणि कथाकाराचा नेमकेपणा

महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांच्या ग्रंथालयांत नव्या पुस्तकांची यादी ठरविण्याची वेळ आली की एक मतभेद हटकून उपस्थित होतो. यादीत एखाद्या घुसमटलेल्या स्त्रीची, हरलेल्या तरुणाची किंवा मोडत चाललेल्या घराची कथा दिसली की कोणी तरी ज्येष्ठ सभासद सौम्य स्वरात म्हणतात, दिवसभर कचेरीत डोके पिकते, घर शेकडो कोसांवर राहिलेले, त्यात हे रडगाणे विकत कशाला घ्यावयाचे? काही प्रसन्न घ्या. या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. विनोदी पुस्तकांची बांधणी सर्वांत आधी खिळखिळी होते, हे कोणत्याही ग्रंथपालास ठाऊक असते. परंतु देवघेवीची नोंदवही जरा चिकाटीने चाळली तर दुसरीही एक गोष्ट ध्यानात येते. ज्या पुस्तकांना रडगाणी म्हणून नाके मुरडली जातात ती थोडेच लोक नेतात. पण नेली की लवकर परत करीत नाहीत. विनोदाचे पुस्तक चार दिवसांत येते. हे महिना महिना येत नाही, आणि येते तेव्हा बहुधा दंड भरून, काही न बोलता, टेबलावर ठेवले जाते.

त्या महिन्याभरात वाचक त्या पुस्तकाशी काय करीत असतो, हा प्रश्न मराठी समीक्षेने फारसा विचारलेला नाही. तिने विचारले ते लेखकाचे प्रश्न. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी जोडला गेलेला 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद एका पिढीस पुरून उरला. कथा कशी रचावी आणि कथेने समाजास काय द्यावे, याचा त्यात भरपूर कीस निघाला. पुढे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा आली आणि मनाच्या आतल्या हालचाली टिपण्याचे तंत्र हा चर्चेचा विषय झाला. या साऱ्यात वाचक होता, पण प्रेक्षागारात बसलेला. एखादी कथा वाचताना त्याला अकस्मात वाटते की हे तर माझेच आहे, आणि हे मी कोणास सांगण्यापूर्वीच कोणास तरी ठाऊक होते. हे कोणत्या लेखनाने घडते आणि कोणत्या लेखनाने घडता घडता राहून जाते, एवढाच विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

आमचे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो. वाचकाची अशी ओळख पटविण्याचे काम लेखकाच्या सहानुभूतीने फारसे होत नाही. ते त्याच्या नेमकेपणाने होते. सहानुभूती हा शब्द आम्हां कारकुनांच्या अतिपरिचयाचा आहे. बदली रद्द व्हावी, रजा वाढवून मिळावी म्हणून केलेल्या अर्जावर 'सहानुभूतिपूर्वक विचार केला जाईल' असे उत्तर आले की अर्जदार काय ते समजतो. अर्ज वाचला गेला आहे. अर्जदार वाचला गेलेला नाही. कथेतही असा शेरा मारता येतो, आणि तो मारणारे लेखक थोडे नाहीत.

हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीचे नाव मुळी याच तक्रारीचे आहे. १८९० साली 'करमणूक' सुरू झाले आणि त्यातून ती क्रमशः येऊ लागली, तेव्हा हरिभाऊ अवघे सव्वीस वर्षांचे होते. बाहेर संमतिवयाच्या विधेयकावरून वृत्तपत्रांत रण माजत होते. १८९१ साली त्याचा कायदा झाला. त्या रणात स्त्रियांचा 'प्रश्न' होता, शास्त्राधार होते, परकीय सरकारच्या अधिकाराची चर्चा होती. ज्या मुलींच्या वयाबद्दल सारे बोलत होते त्या मुली मात्र कोठे बोलत नव्हत्या. हरिभाऊंनी यमूला बोलते केले. यमू कैफियत मांडीत नाही. भाऊ, आजी, सासरची माणसे, त्यांच्या बोलण्याच्या लकबी, वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याशी शब्द बोलण्याचीही चोरी, शिकण्यावरून ऐकावे लागणारे टोमणे, असे घरातलेच ती सांगत जाते. मुंबईच्या बिऱ्हाडातले थोडके सुखाचे दिवसही ती तितक्याच बारकाईने सांगते. त्यामुळे रघुनाथराव गेल्यानंतर शंकरमामंजींच्या कारस्थानाने तिचे केशवपन होते, तेव्हा वाचकाला बसणारा धक्का एका अनामिक विधवेच्या दुर्दशेचा राहत नाही. जिच्या घरात आपण खोलीखोलीने हिंडलो, जिचे हसणे आपल्या ओळखीचे झाले, तिच्यावर हात पडला आहे असे त्याला वाटते.

ज्याचे जळते त्याला कळते, अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि अलीकडे तिचा उपयोग साहित्यविचारात फार सैलपणे होऊ लागला आहे. ज्याने भोगले त्यानेच लिहावे, असा तिचा अर्थ घेतला जातो. हरिभाऊ पुरुष होते; यमूचे भोग त्यांच्या वाट्यास येणे शक्य नव्हते. भोगणाऱ्याची भाषा त्यांनी कानांनी टिपली होती, एवढेच त्यांचे भांडवल. उलटपक्षी, भोगलेल्या माणसाच्या लिहिण्यातही पुष्कळदा दुसऱ्या कोणाला जागाच उरत नाही. तो आपल्या जखमेकडे इतका टक लावून पाहत असतो की शेजारी दुसरा जखमी बसला आहे हे त्याला दिसत नाही.

मात्र भोगणे आणि नेमके पाहणे या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आल्या की काय होते, याचे मराठीतील उत्तम उदाहरण विभावरी शिरूरकर हे आहे, आणि त्यापाशी थोडे थांबावयास हवे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा संग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा हे नाव कोणाचे हे वाचकांना ठाऊक नव्हते. हे लेखन बाईचे, की बाईच्या नावाआड दडलेल्या पुरुषाचे, इथपर्यंत तर्क चालले. पुढे उलगडा झाला तो असा की, शिरूर-घोडनदीस जन्मलेल्या, अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या आणि तेथेच शिकविणाऱ्या बाळूताई खरे, म्हणजे नंतरच्या मालतीबाई बेडेकर, या त्या लेखिका. ज्या मुलींबद्दल त्यांनी लिहिले त्या त्यांच्या भोवतीच वावरत होत्या. शिकलेल्या, मिळवत्या, वय वाढत चाललेल्या आणि लग्न न झालेल्या. शिक्षणाने त्यांना आपल्या पायांवर उभे केले होते. उभ्या राहिल्यावर पाऊल कोठे टाकावयाचे हे कोणी सांगितले नव्हते.

त्या काळी गहजब झाला तो या मुलींच्या मनाला आणि देहाला इच्छा असतात, एवढी गोष्ट एका स्त्रीने उघड लिहिली म्हणून. आज त्या गहजबाचे हसू येते, आणि खरे सांगावयाचे तर संग्रहातील जो भाग त्या वेळी सर्वांत धीट वाटला असेल तोच आज थोडा जुना वाटतो. ताजा राहिला आहे तो हिशेबाचा भाग. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' या कथेच्या नावातच सारी कोंडी आली आहे. मुलगी मिळवती आहे. तिच्या मिळकतीवर वडिलांचे घर उभे आहे. ते घर उभे राहावे म्हणून तिचे स्वतःचे घर कधी उभे राहावयाचे नाही, आणि हे कोणी तिला तोंडाने म्हणणारही नाही. या कोंडीला खलपुरुष लागत नाही, ही तिची भयंकरता. शंकरमामंजी असले म्हणजे वाचकाला आपला राग कोठे तरी ठेवता येतो. येथे ज्यांच्यावर रागवावे त्यांनीच शिकविले, वाढविले, शाळेत पोचविले. रागावर कृतज्ञतेचा बोजा आहे आणि कृतज्ञतेवर रागाचा. या दुहेरी ओझ्याला मराठीत तोपर्यंत नाव नव्हते. नाव द्यावयाचे कोणाला सुचलेही नव्हते.

आमच्या मंडळाच्या ग्रंथालयात या संग्रहाची एक जुनी प्रत आहे. याच कथेच्या समासात कोणी तरी पेन्सिलीने बेरीज मांडून ठेवली आहे: खोलीचे भाडे, खाणावळ, धाकट्याची फी, घरी पाठवावयाचे. खाली एकूण, आणि त्याखाली एक आडवी रेघ. शेरा नाही, उद्गारचिन्ह नाही. पुस्तकांत रेघोट्या मारणाऱ्यांचा आम्हांस एरवी संताप येतो. ही बेरीज मात्र खोडरबराने पुसावी असे आजवर कोणा ग्रंथपालास वाटलेले नाही. ती करणारीला (किंवा करणाऱ्याला, हस्ताक्षरावरून काही सांगता येत नाही) त्या पानावर काय सापडले असेल याची कल्पना आपणांपैकी पुष्कळांना सहज करता येईल. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा देऊन लातूर-साताऱ्याकडच्या मुली आज गुवाहाटीपासून तिरुवनंतपुरमपर्यंत कचेऱ्यांतून रुजू होतात. त्यांच्या पगाराच्या दिवशी गावाकडे जी रक्कम जाते तिच्यामागे अभिमान असतो, प्रेम असते, आणि ज्याची कबुली सणासुदीच्या फोनवर देता येत नाही असे आणखीही काही असते. त्या 'आणखी काही'ला नव्वद वर्षांपूर्वीच्या या कथेत बसावयास जागा मिळते.

या संग्रहात दोष नाहीत असे नाही. काही कथा निबंधाकडे झुकतात, काही ठिकाणी पात्रे लेखिकेचे म्हणणे बोलू लागतात, आणि भावना जरा जास्तच उंच स्वरात उच्चारल्या जातात. तिचा हेतूही उघड आहे. या मुलींची स्थिती लोकांना कळावी म्हणूनच तिने लेखणी उचलली. म्हणून हेतू असला की कला नासते, या नेहमीच्या विधानास आमची संमती नाही. हेतू असूनही विभावरीबाईंनी एक संयम पाळला. गाठ त्यांनी दाखविली. वाचकास बरे वाटावे म्हणून ती खोटी खोटी सोडवून दाखविली नाही. हाच संयम पुढे 'बळी'त दिसतो. सोलापूरच्या गुन्हेगार म्हणून ठरविलेल्या जमातींच्या वसाहतीत त्यांनी नोकरी केली ती चौथ्या दशकाच्या अखेरीस. कादंबरी आली १९५० साली. तारेच्या कुंपणाआड पाहिलेले पचविण्यास त्यांनी दहाएक वर्षे घेतली. आजच्या लेखकास इतकी उसंत कोणी देत नाही, आणि तोही ती मागत नाही.

ज्या १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले त्याच साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजी 'श्यामची आई' लिहीत होते. या पुस्तकाबद्दल बोलताना मराठी माणसाचा आवाज हळवा होतो, आमचाही होतो. घर सोडून दूर आलेल्या माणसाला तर ते फार जवळचे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याकडे पाहिले म्हणजे एक भेद करावा लागतो. 'श्यामची आई' वाचून वाचक रडतो, आणि रडून आपण अधिक चांगले व्हावे असे त्याला वाटते. हे मोठेच कार्य आहे. पण ज्याची आई तशी नव्हती त्याने काय करावे? जिचे तोंड कष्टांनी कडवट झाले होते, जी दोन मुलांत डावे-उजवे करीत होती, जिच्यावर प्रेम करणे हे रोज नव्याने करावयाचे काम होते, अशा आईचा मुलगा हे पुस्तक मिटतो तेव्हा आधीपेक्षा अधिक एकटा झालेला असतो. आदर्शाच्या प्रकाशात त्याचे घर त्याला जास्तच अंधारे दिसते. यात गुरुजींचा दोष नाही; त्यांना जे सांगावयाचे होते ते त्यांनी निष्कपटपणे सांगितले. डोळ्यांत पाणी येणे आणि ओळख पटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेच आम्हांस येथे नोंदवावयाचे आहे. खांडेकरांच्या कादंबऱ्यांत ही गल्लत अधिक होते. तेथे दुःख उद्भवले न उद्भवले तोच त्याला एखादी सुंदर उपमा भेटते, आणि वाचक दुःख सोडून उपमा वहीत उतरवून घेतो.

आता 'कोसला'. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ साली आली तेव्हा लेखकाचे वय पंचवीस होते. खानदेशातील सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकावयास जातो, तेथे त्याचे काही धड होत नाही आणि तो गावी परततो. कथानक म्हणून सांगण्यासारखे एवढेच. पुस्तक शंभरांतल्या नव्याण्णवांना अर्पण केलेले आहे, म्हणजे ज्यांच्यावर कोणी कादंबरी लिहिणार नाही अशांना. बोलण्यात पांडुरंग सतत 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द वापरतो. पुष्कळांना ही लकब प्रथम गमतीची वाटली, काहींना ती पोज वाटली, आणि मग तिचे अनुकरण करणाऱ्यांची एक रांगच लागली. आमच्या मते 'वगैरे' हे पांघरूण आहे. जे बोलून दाखविले तर आवाज फुटेल त्यावर तो ते टाकतो. आपण स्वतः घरी फोन करतो तेव्हा काय बोलतो ते आठवावे: जेवण ठीक, हवा ठीक, साहेब ठीक, सगळे ठीक वगैरे.

या निवेदकाला धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यू दुरून येऊन गाठतो. मनी देवी येऊन मरते. मराठी कादंबरीत मृत्यू पुष्कळ आहेत. उशाशी जमलेली माणसे, अखेरचे शब्द, विझणारा दिवा, ही त्यांची नेहमीची सामग्री. येथे त्यांतले काही नाही. जे आहे ते फार विस्कळित, फार लहान आणि फार अंगावर येणारे आहे. ती केवढीशी होती याच्या आठवणी आहेत. घरच्यांवर, विशेषतः वडिलांवर, उफाळून येणारा राग आहे. आणि ज्याला तर्क म्हणावे की वेड म्हणावे अशा एका विचारापर्यंत पांडुरंग जातो: त्या एवढ्याशा जिवाबरोबर पुढे होऊ शकणाऱ्या जन्मांची एक अख्खी साखळीच थांबली. शोकात माणसाला असलेच काही तरी सुचत असते. शेजारी सांत्वनाला येतात, त्यांच्यापुढे हे बोलण्याची सोय नसते; बोललो तर डोके फिरले म्हणतील. म्हणून प्रत्येक जण आपल्या शोकातले हे विचित्र, बेढब विचार लपवून ठेवतो आणि समजतो की असे आपल्यालाच सुचते. 'कोसला'च्या वाचकाला येथे कळते की तसे नाही. नेमाडे त्याला धीर देत नाहीत, त्याच्या पाठीवरून हात फिरवीत नाहीत. जे तो कोणालाही सांगणार नव्हता ते त्याच्या आधी छापून ठेवतात.

देवीचा रोग १९७५ नंतर आपल्या देशात उरला नाही. १९७७ साली देश त्यातून मुक्त झाल्याचे जाहीरही झाले. ज्या वाचकांनी देवीचा रोगी कधी पाहिला नाही त्यांनाही ती पाने तितकीच झोंबतात, यावरून नेमकेपणाचा अर्थ स्पष्ट व्हावा. नेमकेपणा म्हणजे वाचकाच्या परिस्थितीशी तंतोतंत जुळणारी परिस्थिती नव्हे. यमूसारखे केशवपन आज कोणाचे होत नाही, तरी यमू वाचली जाते. एका माणसाचे दुःख त्याच्या घराच्या उंबऱ्यासकट, भाषेसकट, पैशाच्या अडचणीसकट पुरतेपणी मांडले की दुसरा माणूस आपला उंबरा घेऊन तेथे जाऊन बसू शकतो. उलट 'कोणाचेही असू शकेल' असे दुःख लिहावयास जावे तर ते कोणाचेच होत नाही.

जी. ए. कुलकर्णी यांच्या लेखनात या गोष्टीचा पडताळा दोन्ही बाजूंनी मिळतो. आपणां बाहेर राहणाऱ्यांना जी.ए. विशेष जवळचे वाटावेत. त्यांनी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकविले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर म्हैसूर राज्यात गेलेल्या, कानडी बोलणाऱ्या त्या गावात राहून त्यांनी मराठी कथा लिहिली. 'निळासावळा' (१९५९), 'पारवा' (१९६०), 'हिरवे रावे' (१९६२) या संग्रहांतील माणसे लहान गावांच्या जुनाट घरांत राहतात. त्यांचे अपमान, त्यांची कुजत गेलेली आशा, त्यांच्या घरातली फुटकी भांडी यांना नावागावाची खूण आहे. ती वाचताना अंगावर काटा येतो आणि ओळखही पटते. पुढे 'रमलखुणा'तील दीर्घकथांत माणसाचा 'मानव' झाला, गावाची ओसाड अनाम भूमी झाली, आणि नियतीचा पसारा वाढला. कथाकार म्हणून जी.ए. तेथे अधिक उंच गेले असे थोर टीकाकारांचे मत आहे. असेल. आम्ही मात्र रात्री अकरानंतर वाचावयास 'पारवा' घेतो.

दुःखाचे वाचन दुःख वाढविते, हा आक्षेप शिल्लक आहे. काही माणसांच्या बाबतीत, काही काळापुरता, तो खरा असेलही. ज्याची झोप महिनोन्महिने उडाली आहे, ज्याला सकाळी उठून दाढी करणेही अशक्य वाटते आहे, त्याने केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे कार्ड पाकिटातून काढावे. कादंबरी ही औषधाची गोळी नव्हे. तसेच ती गोळी आहे असे समजून लिहिणाऱ्यांपासूनही वाचकाने जरा जपावे. गेल्या काही वर्षांच्या दिवाळी अंकांत खचलेल्या, एकाकी, निराश माणसांच्या कथा पुष्कळ येतात, ही एरवी स्वागतार्ह गोष्ट. परंतु त्यांतील पुष्कळशा कथांच्या उत्तरार्धात एक समुपदेशक प्रवेश करतो, नायकाच्या दुखण्याचे नाव सांगतो, चार समजूतदार वाक्ये बोलतो, आणि दोन पानांत घरात ऊन पडते. लेखकाचा हेतू निर्मळ असतो याबद्दल आम्हांस शंका नाही. पण वाचकाच्या घरात दोन पानांत ऊन पडलेले नसते. कथेतील माणूस बरा होऊन निघून जातो आणि हा मागे राहतो, आता आणखी एका बाबतीत मागे पडलेला. शासकीय टिप्पणी लिहिताना प्रकरण निकाली काढण्याची घाई आम्हांस समजू शकते. महिन्याअखेरीस प्रलंबित प्रकरणांचा तक्ता वर द्यावयाचा असतो. कथाकारावर असा कोणता तक्ता आहे?

याच घाईमुळे असेल, आपल्या स्वतःच्या जीवनाबद्दल मराठी कथेत अजून फार थोडे नेमके लिहिले गेले आहे. सरकारी नोकर तिच्यात येतो तो बहुधा विनोदाचा किंवा उपहासाचा विषय म्हणून. लाच खाणारा, चहा पिणारा, फाईल दाबणारा. तो उपहास काही अंशी आपण कमावलेला आहे. परंतु तीन-तीन वर्षांनी सामान बांधणारे घर, चार शाळा बदललेली आणि कोणत्याच शाळेत मैत्रीण न उरलेली चौदा वर्षांची मुलगी, नवऱ्याच्या बदलीपायी स्वतःची नोकरी दोनदा सोडलेली आणि तिसऱ्यांदा अर्जच न केलेली पत्नी, यांच्याकडे कोणी कथाकार अद्याप पुरेसा वेळ बसलेला नाही. त्या पत्नीला कोणी छळत नाही. नवरा निर्व्यसनी आहे, पगार नियमित आहे, निवासस्थान सरकारी आहे. तिच्याकडे तक्रारीला जागा नाही, आणि विभावरीबाईंनी दाखविलेली कोंडी ती हीच. तिची कथा लिहावयाची तर स्वयंपाकघरातील ती खोकी पाहावी लागतील, जी मागच्या बदलीपासून उघडलीच नाहीत, कारण पुढची बदली आता आलीच असे तिला दर वर्षी वाटते.

आणि दुसरी एक कथा. वडील गेल्याचा फोन रात्री येतो. सकाळच्या विमानाचे तिकीट मिळत नाही किंवा परवडत नाही, आणि आगगाडीने दीड दिवस लागतो. माणूस घरी पोचतो तेव्हा सारे आटोपलेले असते. अंगण सारवून झालेले असते, भावाने सर्व केलेले असते आणि ते चांगले केलेले असते. कोणी त्याला दोष देत नाही. तो रडावयाच्या तयारीने उंबऱ्यात उभा राहतो, आणि आतून काकूंचा पहिला प्रश्न येतो तो मायेनेच विचारलेला असतो: रजा किती दिवसांची मिळाली?